सुप्याच्या पाण्याकाठी तीन दिवस: गणेशगुडीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमचं घर बेळगावजवळच्या खानापूरचं. कोल्हापूर-सांगलीकडचे, पुण्याचे पाहुणे दांडेलीला निघाले की त्यांचा पहिला चहा आमच्याकडे होतो. "दांडेलीला काय करणार?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. राफ्टिंग करायचंय, धनेश पक्षी बघायचाय, जंगलात फिरायचंय आणि दोन दिवस पाण्याकाठी निवांत बसायचंय. मग मी त्यांना सांगते की दांडेली हे कागद कारखान्याचं, बाजारपेठेचं मोठं गाव आहे, तिथं जरूर जा, पण मुक्काम तिथून वीसेक किलोमीटरवर गणेशगुडीला करा. हे चारही तिथं पायाशी आहे. दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून ह्या खेपेला सगळं सविस्तर लिहून काढलं.

आधी हे पाणी कुठलं ते जाणून घ्या

काळी नदी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर एकामागून एक धरणं आहेत. त्यांतलं सगळ्यात उंच सुप्याचं, १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब. दोन डोंगरांच्या खिंडीत बांधल्यामुळे लांबी कमी आणि उंची जास्त. मागं पाणी मात्र दरीदरीतून लांबवर पसरलंय. गणेशगुडी ही ह्या धरणाच्या पायथ्याची वसाहत. वीज निगमची घरं, चार दुकानं, दोन-तीन खाणावळी, चहाची टपरी. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि तेच तिथलं सुख आहे.

ज्या सुप्याचं नाव धरणाला मिळालं ते गाव पाण्याखाली आहे. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं तालुक्याचं गाव होतं ते. धरण झालं, गाव बुडालं, तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला गेल्या आणि बरीच कुटुंबं रामनगरला येऊन वसली. बेळगावहून गोव्याला जाताना आपण रामनगरला चहा पितो, पुढं अनमोड घाट उतरतो, आणि हे गाव कुणाच्या उठलेल्या संसारातून उभं राहिलं याची आपल्याला कल्पनाही नसते. मलाही नव्हती. एकदा बस चुकली म्हणून तिथं तासभर बसले होते. शेजारी एक आजी होत्या. कुठं निघालीस म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गणेशगुडीला, धरण बघायला. त्या म्हणाल्या, "बघ बाई. आमचं न्हाणीघर त्याच्या तळाला हाय." राग नव्हता बोलण्यात. त्यानंतर मी तिथल्या पाण्याकडं नुसतं देखावा म्हणून बघू शकलेले नाही.

तुम्हीही जाताना हे ठाऊक असू दे. फिरण्यात काही कमी होत नाही.

महिना ठरवा

जून ते सप्टेंबर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळावं. पाऊस इतका असतो की राफ्टिंग बंद, जंगलातल्या वाटा बंद, आणि जळवा मोज्यात शिरतात. पावसाचंच वेड असेल तर गोष्ट वेगळी, पण मग घरात बसून कौलांवरचा आवाज ऐकायची तयारी ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला रान हिरवंगार असतं आणि पाणी भरपूर. डिसेंबर ते फेब्रुवारी पक्षी बघणाऱ्यांचे महिने. सकाळी चांगलीच थंडी पडते, नदीवर धुकं असतं. मार्चपासून ऊन वाढतं, पण धनेशाच्या घरट्यांचा काळ तोच, आणि एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, फणस. मे महिन्याच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर, झाडांवर काजवे लुकलुकतात. मला विचाराल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा जानेवारी. फक्त नाताळ ते एक जानेवारी आणि लागून आलेल्या सुट्ट्या सोडा. त्या दिवसांत बेंगळूर, हुबळी, गोवा सगळीकडून गाड्या येतात, आणि शांततेसाठी आलेला माणूस राफ्टीच्या रांगेत उभा राहतो.

मधल्या वारी गेलात तर जागाही मिळते आणि माणसंही बोलायला मोकळी असतात.

पोचायचं कसं

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर हा गोव्याचा महामार्ग. रामनगरला महामार्ग सोडायचा आणि जगलबेट करत गणेशगुडीकडं वळायचं. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, पण वेळ तीन तासांचा धरा. लोंढ्यापुढं रस्ता जंगलातून जातो, वळणं भरपूर, आणि पावसाळ्यानंतर खड्डे बुजवेपर्यंत दिवाळी उलटते.

स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: अंधार पडायच्या आत पोचा. ह्या रस्त्यांवर गवे येतात. गवा गाडीच्या दिव्यात उभा राहिला की हलत नाही, आणि त्याचा काळा रंग रात्री शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दिसलाच तर दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, थांबा. तो त्याच्या सवडीनं जातो.

रेल्वेनं यायचं तर लोंढा जंक्शन सोयीचं. मिरज, बेळगाव, हुबळी, गोवा, सगळीकडच्या गाड्या तिथं थांबतात. स्टेशनवरून पुढं बस किंवा भाड्याची गाडी. दुसरा मार्ग धारवाड-हल्याळ-दांडेलीवरून येतो, तो रस्ता बरा आहे आणि दांडेलीहून गणेशगुडी-जोयड्याकडं बस मिळते.

बसचं सांगायचं तर कर्नाटकच्या लाल बसमध्ये कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवलं की बायकांना तिकीट लागत नाही. त्यामुळे बेळगाव-खानापूरच्या आम्हा बायकांचा हा प्रवास फुकटात होतो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तिकीट काढावं लागेल. पाट्या कानडीत असतात. लाजू नका, कंडक्टरला विचारा, "जोयडाक्के होगुत्ता?" म्हणजे जोयड्याला जाते का. उत्तर बहुतेक वेळा मराठीत नाहीतर कोकणीत येईल, कारण ह्या पट्ट्यात एकाच माणसाच्या तोंडी तिन्ही भाषा असतात. तरी दोन शब्द कानडीचे आपण आधी बोललो की समोरच्याचा चेहरा खुलतो. पाण्याला नीरु, जेवणाला ऊटा, केवढ्याला म्हणजे एष्टु. एवढ्यावर तीन दिवस निघतात.

शेवटची बस किती वाजता हे उतरतानाच विचारून ठेवा. संध्याकाळनंतर काही नसतं.

मुक्काम

गणेशगुडी, अवेडी, जोयडा ह्या टापूत आता घरोघरी होमस्टे झालेत. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचं एक ठिकाणही गणेशगुडीत आहे, त्याला ओल्ड मॅगझिन हाऊस म्हणतात. मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. धरण बांधताना सुरुंगाची दारू जिथं ठेवायचे ती ही जागा. आज तिथं पक्षी बघायला देशभरातून लोक येतात.

होमस्टे निवडताना फोनवर हे विचारा. नदीकाठी म्हणजे नेमकं किती लांब? जेवण घरचीच माणसं करतात की बाहेरून येतं? रात्री गाणी लावतात का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. काही ठिकाणी मोठ्या आवाजात स्पीकर लावून नाच चालतो, आणि नदीच्या खोऱ्यात आवाज लांबवर जातो. मी एकदा अशाच ठिकाणी अडकले. पैसे आधी भरलेले, रात्री दोनपर्यंत झोप नाही, आणि पहाटे पक्ष्यांची चाहूलसुद्धा नाही. तेव्हापासून मी घरातली माणसं त्याच आवारात राहतात असंच ठिकाण बघते. तिथं जेवण साधं असतं, खोली साधी असते, आणि रात्री दहाला घरातला दिवा मालवला की सगळं सामसूम.

रोख पैसे जवळ ठेवा. एटीएम रामनगर, जोयडा, दांडेली सोडून मिळणार नाही, आणि मिळालं तरी चालू असेलच असं नाही. मोबाईलची रेंज येते-जाते. घरी आधीच सांगून ठेवा की फोन लागला नाही तर काळजी करू नका.

नदीवर उतरताना

हा भाग नीट वाचा.

सुप्याचं धरण विजेसाठी बांधलेलं आहे. पायथ्याच्या वीजघरातून जनित्रं चालवून पाणी खाली नदीत सोडतात, आणि किती सोडायचं हे विजेच्या गरजेवर ठरतं. म्हणून काळीला उन्हाळ्यातही पाणी असतं, आणि म्हणूनच आपल्या सह्याद्रीतल्या बाकी नद्या आटलेल्या असताना इथं राफ्टिंग चालतं. ह्याची दुसरी बाजू अशी की आभाळ निरभ्र असताना, पावसाचा थेंब नसताना, नदी अचानक वाढते. तासाभरापूर्वी ज्या खडकावर बसून तुम्ही डबा खाल्ला तो पाण्याखाली जातो. त्यामुळे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पात्रातल्या खडकांवर जाऊ नका, आणि भोंगा ऐकू आला तर वस्तू गोळा करत बसू नका, आधी काठावर या.

दुसरी गोष्ट मगरींची. काळीत, विशेषतः दांडेलीच्या बाजूला, मगरी आहेत आणि माणसं दगावलेली आहेत. पोहायला येतं म्हणून कुठंही उडी मारायची नाही. जिथं स्थानिक माणसं उतरतात, आणि पर्यटकांनाही लाइफ जाकीट घालून उतरवतात, तिथंच उतरायचं.

राफ्टिंगचा लांबचा टप्पा गणेशगुडीकडून मौळंगीच्या दिशेनं, साधारण नऊ-दहा किलोमीटरचा. मधे खळाळ, मधे शांत डोह. खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे नवख्या माणसाला घाबरवतील पण मार्गदर्शकाचं ऐकलं तर झेपतील असे. पोहता न येणारेही जातात. सोबत छोटा टप्पाही असतो, त्यात तासाभरात उरकतं. माझं मत विचाराल तर पैसे थोडे जास्त गेले तरी लांबचा टप्पा करा. छोट्या टप्प्यात नुसती आरडाओरड होते. लांबच्यात मधल्या शांत डोहात राफ्ट आपोआप वाहत जाते, वल्ही वर घेतलेली असतात, दोन्ही काठांना झाडं पाण्यावर वाकलेली असतात आणि कुणीच बोलत नाही. मला पुन्हा पुन्हा ओढून नेतात ती हीच पंधरा-वीस मिनिटं.

बुकिंग आदल्या दिवशी पक्कं करा आणि सकाळी पाणी सोडलंय का ते विचारूनच निघा. पाणी नसेल तर कुणाचाच इलाज चालत नाही. बसण्याआधी स्वतः तपासा: जाकिटाचे सगळे बंद घट्ट बसतात का, जाकीट खांद्यावरून ओढलं तर हनुवटीपर्यंत वर येतं का (येत असेल तर ते सैल आहे), हेल्मेट फुटलेलं नाही ना, आणि राफ्टीत माणसं किती. सहा-आठ जण आणि मागं मार्गदर्शक, एवढं ठीक. "अजून दोघं बसतील की" असं कुणी म्हणालं तर उतरा. मी एकदा उतरले आहे. सोबतच्या लोकांनी तोंडं वाकडी केली, पैसेही परत मिळाले नाहीत, पण गर्दीची राफ्ट खडकावर अडकली तर काय होतं हे त्या नदीवर लोकांनी पाहिलेलं आहे.

मुलांचं वय, गरोदर बायका, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं, ह्याबद्दल खोटं सांगू नका. त्यांच्यासाठी शांत डोहात कयाक किंवा बुट्टीतली, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतली, सैर असते. ती सकाळी आठच्या आत करावी, पाणी आरशासारखं असतं.

आणि दारू पिऊन नदीवर जाऊ नये. एवढं वाक्य लिहावं लागतं याचं वाईट वाटतं.

धरण बघायचं म्हणून थेट भिंतीवर जाता येत नाही. परिसर वीज निगमच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, आणि पहारेकऱ्यानं फोटो नको म्हटलं तर हुज्जत घालू नका. लांबून, रस्त्याच्या वळणावरून भिंत दिसते, तीही पुरेशी आहे.

पहाटेचे दोन तास

ज्यांनी आयुष्यात चिमणी-कावळ्यापलीकडं पक्षी बघितला नाही त्यांनीही एक पहाट ह्यासाठी राखून ठेवावी. सहाला उठायचं, दुर्बीण नसली तरी चालेल, आणि लांब कुठं जायचं नाही. होमस्टेच्या आवारात पक्ष्यांसाठी पाण्याची कुंडी ठेवलेली असेल तर तिच्यासमोर दहा पावलं लांब खुर्ची टाकून बसायचं. मातकट, करडे कपडे घाला. पहिली दहा मिनिटं काही होत नाही. मग एकेक पाहुणा यायला लागतो. पांढऱ्या फितीसारखी शेपटी ओढत स्वर्गीय नर्तक येतो. निळ्या-काळ्या रंगाची नीलपरी येते. ओढ्याच्या बाजूनं कुणी माणूस उगाच शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर असतो, ती शीळ एकदा ऐकली की विसरत नाही.

धनेशाच्या चार जाती ह्या जंगलात आहेत. मोठा धनेश, काळापांढरा मलबारी कवड्या धनेश आणि दोन राखी. मोठा धनेश दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांचा आवाज आगगाडीच्या वाफेसारखा येतो, भुस्स भुस्स. वर बघाल तेव्हा पिवळ्या चोचीचा, डोक्यावर टोप चढवलेला तो पक्षी झाडांच्या शेंड्यांवरून निघून चाललेला असतो. उंबर, वड, पिंपळ फळलेला असेल तिथं तो परत येणारच, म्हणून फळलेलं झाड कुठं आहे हे घरमालकांना विचारा. गावातल्या लोकांना ते नेमकं माहीत असतं.

ह्या पक्ष्याचं घरटं म्हणजे जुन्या, उंच झाडाच्या खोडातली ढोली. मादी आत शिरते, आतून दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. अंडी उबून पिल्लं वाढेपर्यंत तिचं आणि पिल्लांचं पोट नरावर असतं. नर मेला तर आतलं कुटुंब उपाशी राहतं. त्यामुळे घरट्याच्या झाडाखाली गर्दी करणं, फांद्या हलवणं, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, हे करू नका. तुमचा मार्गदर्शक करत असेल तर त्याला थांबवा. लांबून बघितलेला धनेशही जन्मभर लक्षात राहतो.

जंगल सफारी

हा सगळा टापू काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. दांडेली अभयारण्य १९५६ चं, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चं, दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. वनखात्याच्या जीपगाड्या फणसोलीच्या बाजूनं जातात, कुळगीला वनखात्याचा निसर्ग शिबिराचा तळ आहे. सकाळची फेरी घ्या. वाघ दिसेल अशी आशा धरून गेलात तर निराश व्हाल, रान दाट आहे. गवे, सांबर, शेकरू मात्र दिसतात. काळा बिबट्या ह्या जंगलात आहे, कधी कुणाला दिसतो. त्यापलीकडं सफारीबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

जंगलात पायी फिरायचं तर वनखात्याची परवानगी आणि सोबत माणूस, दोन्ही हवं.

गावांत जाताना

पाण्याकाठची मजा दोन दिवसांत होते. तिसरा दिवस माणसांसाठी ठेवा, आणि त्यासाठी धावपळ करू नका.

जोयडा तालुका कुणबी समाजाचा. डोंगरउतारावरची भातशेती, परसात कंद. कंद म्हणजे आपण उपासाला खातो तेवढं रताळं आणि सुरण नव्हे. मुडली, कणगी, कोनफळ, काटेरी वेलांचे कितीतरी प्रकार. एकेक मुडली लहान मुलाच्या पायाएवढी लांब असते. जानेवारीच्या सुमारास जोयड्यात ह्या कंदमुळांचा मेळा भरतो. तेव्हा जाणं जमलं तर पिशवी रिकामी घेऊन जा. विकणाऱ्या बायकांना कुठला कंद उकडायचा, कुठला भाजायचा, कुठला खाजरा आणि त्याला चिंच किती घालायची हे विचारा. त्या हातचं काम सोडून सांगतात. मेळा नसेल तेव्हा होमस्टेच्या मावशींना आदल्या दिवशी सांगा, "उद्या सकाळी नाश्त्याला पोहे-इडली नको, तुमच्याकडं कंद असेल तर उकडून द्या." ओल्या खोबऱ्याबरोबर गरम कंद आणि कोरा चहा. दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाचं सार, नदीतला मासा, सोलकढी. लाल मुंग्यांची चटणी असेल तर चिमूटभर चाखून बघा, आंबट लागते. सर्दीवर चांगली असं तिथले लोक मानतात.

म्हशींचे कळप घेऊन माळावर दिसतील ते गवळी धनगर. त्यांची बोली ऐकून सातारा-कोल्हापूरच्या माणसाला ओळखीचं वाटेल, कारण ती मराठीच आहे. पिढ्यांपूर्वी घाटावरून गुरं घेऊन ते ह्या रानांत उतरले. कुंपणाबाहेरून हाक मारा, "मावशी, ताक मिळंल का?" बोलावल्याशिवाय वाड्यात शिरू नका. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि नको म्हणाले तर मोबाईल खिशात.

हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले, बरेचसे गुलाम म्हणून आणले गेले आणि सुटून रानात वसले. घरात कोकणी, बाजारात कानडी, आणि मराठीही अनेकांना येते. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. आपल्याकडच्या वाकळेची ती बहीण, पण टाके कडेपासून सुरू होऊन गोल गोल आत जातात. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं बसवतात. फुलं नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी-नागडी. एखादी आवडली तर करणारीकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. एका कवंदीत महिन्याच्या वर दुपारी गेलेल्या असतात. आणि कृपा करून त्यांना "नाचून दाखवा" म्हणू नका. डमामीचा, म्हणजे ढोलाच्या तालावरचा, नाच त्यांच्या सणाचा, आनंदाचा असतो. बोलावलं तर बसून बघा.

देवळांत उळवीला जायलाच हवं. लिंगायत संत बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांची समाधी तिथं आहे. बाराव्या शतकात कल्याणमधल्या (बिदरकडचं आजचं बसवकल्याण) उठावानंतर शरण मंडळी, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, दाट रानाचा आसरा घेत इथवर आली. माघ पौर्णिमेच्या सुमारास जत्रा भरते, तेव्हा धारवाड, बैलहोंगलकडून सजवलेल्या बैलगाड्यांच्या रांगा जंगलातून चालत येतात. त्या दिवसांत खोली मिळणार नाही, रस्त्यावर वेळ लागेल. तरीही मी म्हणेन की एकदा तेव्हाच जा. रात्री गाड्या सोडून लोक रानात चुली पेटवतात, आणि कुठल्याही चुलीपाशी अनोळखी माणसाला "जेवलात का" असं विचारतात.

वेळ उरला तर

सिंथेरीचा कडा बघण्यासारखा, खाली उतरायला पायऱ्या आहेत, कड्याला आग्या माश्यांची मोहळं लटकलेली असतात. तिथं अत्तर लावून जाऊ नका, ओरडू नका आणि ओढ्याच्या डोहात उतरू नका. परतीच्या वाटेवर कॅसलरॉक आहे, इंग्रजी हद्द आणि पोर्तुगीज गोवा यांच्या सीमेवरचं जुनं स्टेशन. तिथून रुळांवरून चालत दूधसागरला जायचा मोह अनेकांना होतो. त्याला बंदी आहे, दंड होतो, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

पिशवीत काय

अंगभर कपडे, उन्हाळ्यातही. रानात गोचिडी असतात आणि ह्या जिल्ह्यात गोचिडी चावल्यानं होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडतात. फिरून आल्यावर अंग, विशेषतः गुडघ्यामागं, काखेत, कानामागं तपासा. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात जाऊन आलो" हे पहिलं वाक्य सांगा. बॅटरी, साधी औषधं, घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट, राफ्टिंगसाठी लवकर वाळणारे कपडे, पाण्याची बाटली. चष्म्याला दोरी बांधा, माझा एक काळीच्या तळाला आहे. प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्याच असतील तर तितक्याच परत आणा.

परत येताना

तिसऱ्या दिवशी दुपारी निघालात तर रामनगरला चारच्या सुमारास पोचता. तिथं उतरा, पुढची बस जाऊ द्या. बसस्टँडजवळ चहा घ्या आणि म्हातारं माणूस दिसलं तर शेजारी बसा. "तुमी मूळचे सुप्याचे काय हो?" एवढंच विचारा. मी विचारलं होतं तेव्हा एका आजोबांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून दोन नद्या काढल्या, त्यांच्या मधे एक ठिपका दिला आणि म्हणाले, "हितं शाळा." मग दुसरा ठिपका. "हितं बाजार." टपरीवाला फडकं घेऊन पुसायला आला, तेव्हा त्यांनी हातानं त्याला अडवलं आणि म्हणाले, "थांब जरा, घर राहिलंय."